घटता व्याजदर आणि बँकेची मिळकत

होळकर रियासतीच्या इतिहासातला एक आकडा आपल्या घरांतून अभिमानाने सांगितला जातो. खंडवा-इंदूर रेल्वेमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. सांगणाऱ्याचा भर नेहमी एक कोटीवर असतो. मला मात्र मुदत अधिक बोलकी वाटते. वर्षाला साडेचार लाख येणार हे एकदाच ठरले, मग बाजारात दर चढो की उतरो. दरबाराला ते परवडले, कारण पैसा स्वतःचा होता.

बँकेचे तसे नसते. तिचा पैसा बहुतांशी आपला, ठेवीदारांचा. घेण्याचा दर आणि देण्याचा दर यांतल्या अंतरावर तिचा संसार चालतो. १९२० साली तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात निघालेली बँक ऑफ इंदौर १९६० मध्ये स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २०१० मध्ये तिच्यात विलीन झाली. पाटी बदलली, पण हा हिशेब बदलला नाही.

तो मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. बँकेकडे शंभर रुपये ठेव आहे: चाळीस बचत खात्यात ३ टक्क्यांनी, साठ मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी. बँक वर्षाला ५ रुपये ४० पैसे व्याज देते. सगळे शंभर ९ टक्क्यांनी कर्जाऊ दिले, तर हाती ३ रुपये ६० पैसे उरतात. पगार, भाडे आणि बुडीत कर्जे यांत २ रुपये गेले, की नफा १ रुपया ६० पैसे.

आता दर एक टक्क्याने उतरले. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. म्हणजे कर्ज लवकरच ८ टक्क्यांवर येते. मुदत ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ७ टक्केच खाते. नफा ६० पैशांवर येतो. जुन्या ठेवी संपून ६ टक्क्यांनी नव्या झाल्या, की तो १ रुपया २० पैसे होतो. पहिल्या जागी तो परत येत नाही, कारण बचत खात्याचा दर आपण तीनवरच धरला. तो आधीच तळाशी असतो. फार उतरवला तर लोक पैसे दुसरीकडे नेतील. युरोप आणि जपानमध्ये मध्यवर्ती बँकांनी दर शून्याखाली नेले, तेव्हाही सामान्य ठेवीदाराकडून उलटे व्याज मागायला बहुतेक बँका धजल्या नाहीत.

मग दर उतरले की बँका लगेच रडकुंडीला येतात का? नाही. त्यांच्याकडे सरकारी रोखेही असतात, आणि दर उतरला की जुन्या, चढ्या व्याजाच्या रोख्याची किंमत वाढते. २००३ च्या सुमारास आपल्या बँकांनी यावर चांगलाच नफा कमावला. पण ही कमाई एकदाचीच. रोखा विकला की ते चढे व्याजही गेले. शिवाय कर्जाचा हप्ता हलका झाल्याने बुडवणारे कमी होतात आणि नवी मागणी येते, हेही खरे. तरी मागणी वाढायला वेळ लागतो, कात्री मात्र आधी लागते.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, आणि जूनमध्येच स्टेट बँकेने बचत खात्याचा दर अडीच टक्के केला. नातवाच्या गृहकर्जात जी सूट मिळाली, तिचा एक भाग आजोबांच्या बचत खात्यातून वळता झाला. त्यांची मुदत ठेव तूर्त सुरक्षित आहे. पावतीवरची तारीख उलटली, की तिचाही दर बदलेल. अशा वेळी एखादी लहान संस्था अर्धा टक्का जास्त देऊ करते. ती बँक असेल, तर ठेवीचा विमा तिथे व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे. बँक नसेल, तर तो विमा आहे का, हे सही करण्याआधी विचारा.