छंदाची विक्री आणि डॉक्टरांचा कर

लाकडी करंडे घडविण्याचा मला छंद आहे. बेळगावहून आंबोली घाट उतरले की सावंतवाडी. तेथील लाखकाम पाहूनच हा नाद लागला. दवाखाना बंद झाला की घरामागील खोलीत तासभर लेथवर बसतो. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात टेबल मांडले आणि ३१,५०० रुपयांचे करंडे विकले गेले. पुढे विवरणपत्र भरताना आमच्या सी.ए.नी दोन प्रश्न विचारले आणि आनंदाचा हिशेब निराळाच निघाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी चित्रे, मातीकाम, विणकाम चालते, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला प्रश्न प्राप्तिकराचा. दवाखान्याचे उत्पन्न मी अनुमानित पद्धतीने दाखवितो. म्हणजे जमा रकमेचा निम्मा भाग नफा मानला जातो. छोट्या व्यापाऱ्यांनाही अशीच सवलत असून त्यांचा नफा विक्रीच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के धरतात. करंड्यांवर मी तेच ६ टक्के लावणार होतो. परंतु वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्यास व्यापाराची ही सवलत मिळतच नाही. १९६१ च्या कायद्याच्या ४४ एडी कलमातच तसे आहे. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक तेवढे बदलले. तेव्हा लाकूड, लाख, वीज, लेथचा घसारा असा खरा जमाखर्च मांडावा लागला. सुगम विवरणपत्र सुटले, ३ क्रमांकाचे आले. तोटा आल्यास तो दवाखान्याच्या उत्पन्नातून वजा करण्याचा मोह होतो. पण नफ्याचा हेतूच नसेल, तर अधिकारी तो खर्च खासगी ठरवू शकतो.

दुसरा प्रश्न जीएसटीचा, आणि खरी मेख येथे आहे. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने निव्वळ दवाखाना चालविणाऱ्यास नोंदणी लागत नाही. कर्नाटकात केवळ वस्तू विकणाऱ्यास ४० लाखांपर्यंत नोंदणी नको, हे मी ऐकून होतो. पण डॉक्टर 'केवळ वस्तू विकणारा' नव्हे. त्याची मर्यादा २० लाख. शिवाय या उलाढालीत करमुक्त जमाही मोजतात. माझ्या दवाखान्याची जमा २४ लाख. म्हणजे पहिला करपात्र करंडा विकला त्याच दिवशी मी नोंदणीस पात्र झालो होतो! उशिरा नोंदणी, कर, व्याज आणि दंड यांत विक्रीतून उरलेले सारे गेले. वैद्यकीय महाविद्यालयात निव्वळ पगारावर असलेल्या मित्रांना ही अडचण नाही, कारण पगार उलाढालीत येत नाही.

'वहिनींच्या नावावर करा' हा सल्ला हमखास मिळतो. पत्नी स्वतः घडवीत असेल आणि भांडवल तिचे असेल, तर उत्तमच. भांडवल पतीने भेट दिले असेल, तर त्या प्रमाणात नफा पतीच्याच उत्पन्नात मिळविला जातो. आणि करंडे मी घडवून पावती तिच्या नावे फाडणे म्हणजे निव्वळ खोटेपणा. आमच्या सौभाग्यवतींना तर लाखेचा वासही सोसत नाही.

विक्रीचे पैसे अनाथाश्रमाला दिले तरी उत्पन्न आपलेच राहते. देणगीची वजावट वेगळी मागावी लागते आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

मी नोंदणी रद्द करून घेतली आहे. यंदा टेबल मांडणार नाही. करंडा हवा असेल त्यांनी संध्याकाळी आठनंतर घरी यावे. पैसे घेणार नाही.