मारिओचे बत्तीस सेकंद

नव्वदच्या दशकात सातारा-सांगलीकडच्या घरांत व्हिडिओ गेम यायचा, त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '9999999 इन 1' असं बिनदिक्कत छापलेलं असायचं. आत खरे गेम मूठभर; बाकी तोच मारिओ आणि तोच कॉन्ट्रा, नावं बदलून. पण तो आकडा क्षणभर खरा धरू. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा 40,960 बाइटचा, म्हणजे 40 किलोबाइट. तसे 99,99,999 गेम साठवायला सुमारे 410 गिगाबाइट लागतील. 2025 साली आलेल्या निन्टेंडो स्विच 2 मध्ये जागा आहे 256 गिगाबाइट. लेबलापुरती तरी आमची कॅसेट अजून पुढंच आहे.

40 किलोबाइट म्हणजे किती कमी, हे मराठीत चटकन कळतं. संगणकावर देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा साधारणपणे तीन-तीन बाइट खाते. हा लेखच दहाएक किलोबाइटचा होईल. असल्या चार लेखांच्या जागेत आठ दुनिया, बत्तीस टप्पे, कासवं, ढग आणि ते डोक्यातून न जाणारं संगीत बसवलं होतं.

ज्या जपानी यंत्राची नक्कल आपल्याकडे विकली जायची, तो 1983 चा फॅमिकॉम. त्याची काम करायची मेमरी 2 किलोबाइट. स्विच 2 ची 12 गिगाबाइट, म्हणजे जवळपास 63 लाख पट. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला यायचा साधारण सव्वाशे किलोमीटरचा रस्ता ही नव्या यंत्राची मेमरी मानली, तर जुन्याची दोन सेंटीमीटर भरेल. सातारा एसटी स्टँडवर गाडीचं चाक नीट फिरायच्या आत फॅमिकॉम संपला.

एवढा डोंगर असताना जुना गेम नव्यावर चालवणं म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटेल. पण तसं नाही. जुन्या यंत्रात प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज एकमेकांच्या ठेक्यावर चालायचे, आणि गेम लिहिणारे त्या ठेक्याच्या भरवशावर करामती करायचे. नव्या यंत्राला नुसतं वेगानं पळून भागत नाही, जुन्याचा प्रत्येक श्वास मोजावा लागतो. 1990 च्या सुपर फॅमिकॉमचा प्रोसेसर फार तर 3.58 मेगाहर्ट्झचा, त्याची तंतोतंत नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रॅमला 2011 मध्ये सुमारे 3 गिगाहर्ट्झचा संगणक लागत होता. आठशे पटींहून जास्त ताकद, तीही फक्त हुबेहूब हळू चालण्यासाठी!

सोनीनं आधी सरळ मार्ग धरला होता. 16 कोटी विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन 2 मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसरच बसवलेला होता. सुरुवातीच्या प्लेस्टेशन 3 मध्येही मागच्या पिढीच्या चिप होत्या. खर्च कमी करताना त्या काढल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टनं 2020 मध्ये नव्या एक्सबॉक्ससाठी जुने गेम माणसांकडून खेळवून तपासले, पाच लाखांहून जास्त तास. एकट्यानं न झोपता करायचं तर 57 वर्षं लागली असती.

पण एवढ्या खटाटोपातून मिळतो तो टोकियोचा नाहीतर न्यूयॉर्कचा मारिओ. त्यांचे टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवायचे, आपले पाल पद्धतीचे टीव्ही 50. अशा टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांत गेमही 50 च्या चालीनं चालायचा. पहिल्या टप्प्याचं घड्याळ 400 पासून उलटं मोजतं आणि दर 24 चित्रांना एक आकडा उतरतो. एकूण 9,600 चित्रं. तिकडं ती 160 सेकंदांत संपतात, इकडं 192 लागायचे. हा बत्तीस सेकंदांचा फरक बोटांना पाठ झालेला असतो. म्हणून आज चाळिशीतला माणूस स्विचवर मारिओ लावतो, पहिल्याच खड्ड्यात पडतो आणि वयाला दोष देतो.

लोडशेडिंगचं दुःख मात्र नव्या यंत्रांनी पुरतं मिटवलं. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, वीजक्षमता 1,960 मेगावॉट, तरी आठव्या दुनियेत पोचल्यावर दिवे जायचेच आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा खरोखर काय हरवायचं? मारिओ कुठं आहे, किती नाणी झाली, पडद्यावर काय आहे, सगळं धरून सुमारे साडेचार किलोबाइट. आता तेवढं कुठल्याही क्षणी साठवून जेवायला उठता येतं.

आपली 50 ची चाल मात्र अधिकृत दुकानांत मिळत नाही. ती आहे मेसेनसारख्या फुकट एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तिथं एनटीएससी (तिकडची 60 चित्रांची पद्धत) आणि पालच्या खाली तिसरा पर्याय दिसतो, 'डेंडी'. हे 1992 च्या सुमारास रशियात गाजलेल्या अशाच एका नकली यंत्राचं नाव. तो निवडला की आवाजाची पट्टी जेमतेम एका टक्क्यानं उतरते, लय मात्र चांगली सतरा टक्क्यांनी संथ होते, आणि पहिला खड्डा आरामात ओलांडता येतो.