घराचा ठेकेदार आणि परवान्याचा प्रश्न

उन्हाळा सुरू झाला की नाशिकच्या उपनगरांतून सकाळच्या प्रहरी मिक्सरची घरघर ऐकू येऊ लागते. म्हसरूळ असो, आडगाव असो वा पाथर्डी फाट्याचा परिसर, पावसाळ्यापूर्वी स्लॅब भरून घेण्याची घाई सर्वत्र सारखीच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार, शिक्षक, कारकून अशी बेताच्या उत्पन्नाची माणसे भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन, बँकेचे कर्ज काढून हा दिवस गाठतात. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि सायंकाळपर्यंत आयुष्यभराची बचत चार-पाच इंच जाडीच्या थरात गोठून जाते.

ही बचत ज्याच्या हाती सोपविली तो ठेकेदार कोण, त्याची पात्रता काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारला जातो तो केवळ चौरस फुटाचा दर. प्रस्तुत लेखकाची कहाणीही वेगळी नाही. दीड तप अर्थशास्त्र शिकवूनही स्वतःचे घर बांधताना त्याने तीन ठेकेदारांपैकी सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम दिले. लेखी करार नव्हता. वहीच्या पानावरचा हिशेब तेवढा होता. तिसऱ्या पावसाळ्यात छताला ओल आली, पाचव्या वर्षी गिलावा निखळून गंजलेल्या सळया दिसू लागल्या. सळईखाली काँक्रीटचे जे आवरण हवे ते ठेवलेच नव्हते. ठेकेदाराचा पत्ता तोवर बदलला होता, आणि दराच्या घासाघिशीत वाचविलेल्या रकमेहून दुरुस्तीचा खर्च कितीतरी अधिक झाला.

काँक्रीट हा मोठा फसवा माल आहे. भरल्या दिवशी चांगला आणि वाईट स्लॅब सारखाच दिसतो. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सळईयुक्त काँक्रीट किमान एम-२० प्रतीचे असावे आणि सौम्य हवामानातही पाण्याचे वजन सिमेंटच्या ०.५५ पटीहून अधिक नसावे. म्हणजे ५० किलोच्या गोणीस, वाळूतील ओल धरून, फार तर साडेसत्तावीस लिटर. प्रत्यक्षात माल पातळ झाला की घमेली भराभर रिकामी होतात, म्हणून नळी सोडली जाते. आज श्रम वाचतात; बळकटी घटते ती पुढे कळते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढू नयेत, हेही मानकात आहे. पण सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर हव्या असल्या की मोजणी आखडते.

ज्या व्यवहारात विकणाऱ्यास मालाची खरी प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्यास ती कळण्याचा मार्ग नसतो, त्या बाजाराचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. पुढे २००१ मध्ये ज्या कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते हेच. खोटे नाणे खऱ्या नाण्यास चलनातून हुसकावते, तद्वत अशा बाजारात निकृष्ट माल उत्कृष्टास हुसकावून लावतो. जो ठेकेदार पाणी मोजून घालतो, टेकू पुरते दिवस ठेवतो, त्याचा दर चढा असणारच. ग्राहकास त्याची करामत दिसत नाही, दर मात्र दिसतो. परिणामी प्रामाणिक ठेकेदारास एक तर काम गमवावे लागते किंवा प्रामाणिकपणा.

या स्थितीत शासनाची भूमिका विसंगत आहे. घरात विजेची तार ओढावयाची तर परवानाधारक ठेकेदार लागतो. १९५६ च्या वीज नियमांतच ही अट होती. संरचना अभियंत्याचीही अर्हता ठरलेली आहे. परंतु त्याने काढलेला आराखडा ज्याच्या हातून सिमेंट-खडीत उतरतो, त्या खाजगी घराच्या ठेकेदारास परवान्याची अट नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतःची कामे देताना मात्र नोंदणी पाहतो, अनामत ठेवतो, दोषदायित्वाची मुदत घालतो. धरणांसाठी लागणाऱ्या बांधकाम साहित्याची परीक्षा करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था तर १९५९ पासून याच नाशकात दिंडोरी मार्गावर उभी आहे. शासन स्वतःच्या पैशाची जी काळजी घेते, ती नागरिकाच्या पैशाची घेत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकसकाकडून सदनिका घेणाऱ्यास संरचनेतील दोषांबाबत ताब्यापासून ५ वर्षांचे संरक्षण दिले. स्वतःच्या भूखंडावर घर बांधणारा त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

परवान्याने दर वाढतील, मक्तेदारी निर्माण होईल, असा आक्षेप घेतला जाईल. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये तो समर्थपणे मांडला होता, आणि तो क्षुल्लक नव्हे. परवाना म्हणजे चिरीमिरीची आणखी एक खिडकी ठरली, तर पिढीजात कसबी गवंडी बाहेर फेकला जाईल आणि कागद जमविणारा आत येईल. परंतु ग्राहक अनुभवाने शहाणा होऊन पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जाईल, हे गृहीत येथे लागू पडत नाही. घर एकदाच बांधले जाते. शिवाय वाईट कामाची किंमत केवळ मालक भरीत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे निवासी इमारत कोसळून १६ जण मृत्यू पावले. त्यांपैकी कोणी ठेकेदार निवडला असेल? तेव्हा कसबाची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन गवंड्यासही खुली राहील अशी नोंदणी महापालिकेने सुरू करावी, हाच समतोल मार्ग होय.

तोवर नागरिकाने आपला परवाना आपणच निर्माण करावयास हवा. ठेकेदाराची आठ-दहा वर्षांपूर्वीची दोन कामे जाऊन पाहावीत. नवी पाहून उपयोग नाही. करार लेखी असावा. गृहबांधणी १९९३ पासून ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेत मोडते. पण कागदाविना तक्रार सिद्ध होणे कठीण. स्लॅबच्या दिवशी अभियंता जागेवर हवा, आणि काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. बिलाचा काही अंश निदान एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. सचोटीच्या ठेकेदारास या अटी जाचक वाटण्याचे कारण नाही. उलट त्याचा चढा दर का रास्त आहे, हे त्यांतूनच सिद्ध होईल.

मुलीच्या स्थळाची चौकशी आपण चार गावांतून करतो. ज्या छताखाली ती मुलगी वाढते, ते भरणाऱ्याची चौकशी निदान चार घरांतून तरी करावयास नको काय?