लिंबाचा मोहर आणि पाण्याखालचे अंगण

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावी ही प्रथा रुजली. गंमत अशी की, या व्यासपीठांवरून अर्थकारणापासून अध्यात्मापर्यंत सर्व विषय निघतात. वसंत तेवढा मंडपाबाहेर उभा राहतो. आज त्याला आत घेऊ.

आपल्या मराठवाड्यातला वसंत कोकिळेचा नाही, लिंबाचा आहे. फाल्गुनात पाने झडतात, तांबूस पालवी फुटते आणि चैत्रात पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या बारीक फुलांचे घोस लोंबू लागतात. पान कडू, साल कडू, निंबोळीची गरी कडू; मोहराचा वास मात्र मधासारखा. दिवसा तो फारसा जाणवत नाही. दिवेलागणीनंतर वारा पडला म्हणजे अंगणात घमघमतो. तीर्थपुरीच्या माणसाला हे सांगायला नको. परंतु त्याच वासाने एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे मध्येच का थांबते, हे विचारण्याजोगे आहे.

नाकाच्या छताशी इवलासा ओलसर पडदा असतो. त्यात गंध ओळखणारी सुमारे चारशे प्रकारची ग्राहके असतात. ही ग्राहके घडविणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 साली प्रसिद्ध केला आणि 2004 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका वासाने एकच ग्राहक जागे होत नाही; पेटीवर अनेक पट्ट्या एकदम दाबाव्यात तशी ग्राहकांची जुळणी होते, आणि ती जुळणी म्हणजेच तो वास.

पुढचा प्रवास अधिक महत्त्वाचा. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे निरोप मेंदूतल्या एका मधल्या चौकीवर थांबून पुढे जातात. गंधाला ही चौकी लागत नाही. तो थेट भावना जेथे उसळतात त्या बदामाएवढ्या केंद्राशी पोचतो, आणि आठवणी साठविणारा भाग त्याला लागूनच आहे. म्हणून वास आला की आधी गलबलते, आणि कशाचा वास हे मागाहून सुचते.

स्वीडनमधील संशोधकांनी 2006 साली पासष्ट ते ऐंशी वर्षांच्या माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द किंवा चित्रे दाखविली तेव्हा त्यांना बहुधा तारुण्यातले प्रसंग आठवले. वास दिला तेव्हा वयाच्या दहा वर्षांच्या आतले. अर्थात वासाने आलेली आठवण अधिक अचूक असते असे मात्र नाही. ती अधिक जिवंत वाटते, इतकेच. हा भेद आपण विसरतो, आणि आजोबांचा वाडा दरवर्षी थोडा मोठा होत जातो.

आता आपल्या जवळची गोष्ट. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांनी 18 ऑक्टोबर 1965 रोजी बसविली; 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झाले. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर भूमी नाथसागराखाली गेली. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतली शेकडाभर गावे तिच्यासह गेली. त्याच पाण्याचा डावा कालवा आपल्या भागातून पुढे परभणीकडे जातो. आपल्याकडचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्या पाण्याच्या तळाशी कुणाची तरी अंगणे आहेत, हे बोलायला थोडे जड जाते. पण खरे आहे.

त्या गावांतली जी मुले तेव्हा सात-आठ वर्षांची होती, ती आज साठीच्या आसपास आहेत. मुंबईला गेलेला माणूस पाडव्याला गावी येऊन आपले अंगण पाहून जातो. यांना ती सोय नाही. पाणी फार ओसरले, जसे 2016 च्या दुष्काळात ओसरले, तर जुन्या भिंतींचे पाये उघडे पडतात; पण तेथे मोहराचा वास नसतो, चिखलाचा असतो. आणि नव्या गावठाणात, ज्याच्याशी त्यांचे बालपण जोडलेले नाही अशा झाडाखाली, नेमका तोच वास येतो. घर एका ठिकाणी, त्याचा वास दुसऱ्या ठिकाणी.

आपल्या भाषेतही एक योगायोग आहे. गंध म्हणजे वास आणि राहणे म्हणजेही वास. मूळ धातू वेगळे आहेत, व्युत्पत्तीच्या नादाने त्यांना एक करू नये. तरी बोलणाऱ्याच्या तोंडी शब्द एकच. जुन्या मराठीत वास पाहणे म्हणजे वाट पाहणे, हाही अर्थ होता. इतके असून वासांना स्वतःची नावे फार थोडी. खमंग, कुबट, उग्र अशी चार विशेषणे संपली की मोगऱ्याचा वास, मातीचा वास असे वस्तूचेच नाव घ्यावे लागते. म्हणून आजीने नातवाला बुडालेल्या गावाची वेस, पार, मारुती सारे सांगितले तरी तो वास सांगता येत नाही. ज्याचे त्याने, आणि तेही लहानपणी, हुंगावे लागते.

भिंती उचलून नेता येत नाहीत. निंबोळी मात्र कनवटीला लावून नेता येते. तिचा जोर फार दिवस टिकत नाही. झाडावरून पडली की दोन-तीन आठवड्यांत मातीत घालावी लागते, म्हणजे पावसाच्या तोंडाशीच. रोप जगले तर चौथ्या-पाचव्या चैत्रात पहिला मोहर येतो. त्या वर्षी घरात जन्मलेले मूल तोवर अंगणात खेळू लागलेले असते.