कंपनीने मोटारी बनवणं ८० वर्षांपूर्वीच थांबवलं, तरी कोल्हापूरची ‘मेबॅक’ दसऱ्याला रस्त्यावर कशी येते?

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला गर्दी जमते. पालख्या येतात आणि मग छत्रपती घराण्याची ‘मेबॅक’ चौकात शिरते. लगेच हजारो मोबाइल वर होतात. पुढचे दोन-तीन दिवस या गाडीचे फोटो फिरत राहतात आणि खाली हमखास कुणीतरी लिहितं, “ही तर मर्सिडीज!”

ही मर्सिडीज नाही. आजच्या आलिशान ‘मर्सिडीज-मेबॅक’चं आणि हिचं नाव एक असलं, तरी कारखाना वेगळा.

कोल्हापूरची गाडी राजाराम महाराजांच्या काळातली. राजर्षी शाहू महाराजांनंतर १९२२ ते १९४० या काळात ते गादीवर होते. गाडीचं मॉडेल आहे एसडब्ल्यू ३८. हे मॉडेल १९३६ ते १९३९ एवढीच वर्षं बनलं. जर्मन लोक नावाचा उच्चार ‘मायबाख’ असा करतात, पण कोल्हापुरात ती मेबॅकच.

विल्हेल्म मायबाख हा जर्मन इंजिनिअर. पहिल्या मर्सिडीजचा आराखडा त्याचाच. पुढे तो तिथून बाहेर पडला आणि १९०९ मध्ये मुलगा कार्ल याच्यासोबत त्याने वेगळी कंपनी काढली. तिचं काम होतं आकाशात उडणाऱ्या झेपेलिन जहाजांची इंजिनं बनवणं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहाने विमानांची इंजिनं बनवण्यावर बंदी घातली. हातात उत्तम कारागीर होते, पण काम नव्हतं. म्हणून कंपनी मोटारींकडे वळली आणि १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तिची पहिली गाडी दिसली. दोन दशकांत सगळ्या मिळून जेमतेम १८०० मोटारी बनल्या.

एसडब्ल्यू ३८ मधला ३८ हा आकडा ३.८ लिटरच्या इंजिनाचा. एका ओळीत सहा सिलिंडर, ताकद १४० अश्वशक्ती. एसडब्ल्यू म्हणजे झुलता ॲक्सल. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्यावर असत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की पूर्ण गाडी हलायची. इथे मात्र प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं.

आज ऐकायला विचित्र वाटेल, पण कंपनी गिऱ्हाइकाला पूर्ण गाडी देत नसे. ती चासी आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी वेगळे कारागीर बांधायचे, बंद सेडान हवी की उघड्या टपाची हे गिऱ्हाईक ठरवणार. साहजिकच एका गाडीचा दरवाजा दुसरीला बसेलच असं नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, मोटारी बंद झाल्या. कारखान्यात टायगर आणि पँथर रणगाड्यांची इंजिनं बनू लागली. युद्धानंतर मोटारींचं काम पुन्हा सुरू झालंच नाही. १९६० मध्ये डाइमलर-बेंझने कंपनी घेतली आणि २००२ मध्ये नाव तेवढं मोटारींवर परत आणलं.

भारतात अशा गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा इथे मोटारच बनत नव्हती. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून बाहेरून आलेले भाग जोडायची, तेवढंच. हे चित्र बदलायचा चंग बांधला तो सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांनी अमेरिकेत जाऊन बोलणी केली, १९४० मध्ये क्रायस्लरशी करारही केला. इंग्रज सरकारने हात वर केले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि तिची पहिली गाडी बाहेर पडली ती १९४७ मध्ये. तोवर संस्थानिक असोत की सोलापूरचे गिरणीमालक, गाडी यायची ती बोटीनेच.

मग अशी गाडी टिकते कशी? झाकून ठेवून नक्कीच नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, रबरी सील सुकतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो, ब्रेक जाम होतात. वर्षातून एकदा चौकात जायचंच आहे म्हटल्यावर त्याआधी तेलपाणी, बॅटरी, ब्रेक सगळं बघावंच लागतं. मेबॅकला दसऱ्याचं हे काम आहे, हेच तिचं नशीब. तुटलेला भाग मात्र नमुना समोर ठेवून लेथवर नव्याने कातावा लागतो.

एक नवी अडचण आपल्याच शेतातून आली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या पद्धतीचं रबर खराब करतं. सोलापूर-कोल्हापूरचे साखर कारखाने ज्या इथेनॉलवर पैसे कमावतात, तेच या म्हाताऱ्या गाड्यांना सोसत नाही.

गाडी देशात राहणं हाही एक भाग. पतियाळाच्या महाराजांकडेही मेबॅक होती, ती परदेशात गेली. १९५० पूर्वीच्या मोटारी परवान्याशिवाय निर्यात करण्यावर आता निर्बंध आहेत. शिवाय २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं यासाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने नाही.

सोलापुरात एखाद्याच्या वाड्यात आजोबांची गाडी उभी असेल आणि तिला जुना नंबर असेल, तर तो ठेवता येतो. पहिल्यांदाच नोंदणी होणार असेल तर नंबर ‘एमएच व्हीए’ने सुरू होतो. सोलापूरचा १३ त्यात येत नाही.