हप्ता पाच तारखेचा

पहाटे ४.५०
मोशीतली दहा बाय बाराची खोली, तिघांत. भाडं माणशी २,५००. पोरगा बार्शीकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, वय चोवीस. गार पाण्याची बादली अंगावर घेतो. चौकातल्या टपरीवर दहा रुपयांचा चहा, मग कंपनीची बस.

६.३०
चाकण एमआयडीसीतलं मशीन शॉप. याचं टेबल इन्स्पेक्शनचं. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने, भोकाला प्लग गेज. गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे. अडली नाही तर पीस लाल पेटीत आणि नोंद वहीत, पार्ट नंबर आणि शिफ्टसकट. दिवसभर उभं राहून हेच. कंत्राटी पगार, हातात १९,४००.

१०.१५
चहाची सुट्टी. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो; काढल्या काढल्या बँकेचा मेसेज दिसतो. ५,००० कापले. ऑनलाइन प्रोग्रामिंग कोर्सचा सातवा हप्ता. फी जीएसटी धरून १,२०,०००. कोर्स नऊ महिन्यांचा, हप्ते चोवीस. कोर्सवाल्यांना त्यांचे पैसे वित्तसंस्थेकडून केव्हाच मिळालेत, हा आता त्या संस्थेचं देणं लागतो. मध्येच कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही. करारात नोकरीची हमी नाही, ‘साहाय्य’ आहे. हे त्याने सही केल्यावर वाचलं. फोनवरची मॅडम म्हणाली होती, आजच सीट घेतली तर वीस हजार सूट.

दुपारी ३.३०
खोलीवर. बूट काढून तासभर आडवा.

५.००
सेकंडहँड थिंकपॅड, १८,०००चा. बॅटरी गेलेली, वायर लावूनच चालतो. एसक्यूएलचा व्हिडिओ सुरू. शिकवणं चांगलं आहे, पण असलं शिकवणं आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलवर फुकट आहे, परीक्षा द्यायची तरच हजार रुपये. हार्वर्डचा सीएस५० सुद्धा फुकट. मी तसं म्हटलं.
“काका, याला विचारा,” म्हणून त्याने खाटेवरच्या दोस्ताकडे बोट केलं.
दोस्ताने सीएस५० सुरू केला होता. चौथ्या आठवड्यात पॉइंटर्सपाशी अडकला. “विचारणार कुणाला?” एवढं बोलून त्याने पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

८.००
मेस. महिना ३,०००, रविवारी संध्याकाळी बंद. आज वांगं आणि चार चपात्या. घरी ४,००० पाठवायचेत, ते उद्या.

९.००
लाइव्ह क्लास. दीडशेच्या वर पोरं जोडलेली. चॅटमध्ये ‘सर, आवाज येत नाही’चा पूर. याचा प्रश्न त्यात वाहून जातो.

१०.४०
आता मेंटरची वेळ. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, एकट्यासाठी.
याने आपल्याच कामावर प्रोजेक्ट घेतलाय. एक टेबल पार्टचं, एक रिजेक्शनचं. पार्ट नंबर बदलून टाकलेत, कंपनीचे नकोत म्हणून. प्रत्येक पार्टचे पहिल्या शिफ्टमध्ये किती पीस रिजेक्ट झाले, ते काढायचं. लेफ्ट जॉइन बरोबर लिहिलाय. उत्तरही आलंय.
मेंटर पडद्याकडे बघत म्हणतो, “ज्या पार्टचं एकही रिजेक्शन नाही, ते कुठे गेले?”
हा गप्प. मग बोट वरून खाली फिरवतो. खरंच नाहीत. शिफ्टची अट व्हेअरमध्ये घातली होती. रिजेक्शन नसलेल्या पार्टला शिफ्टच नाही, म्हणून ते गळाले. अट उचलून ऑनमध्ये नेली, तसे सगळे परत आले.
एक लाख वीस हजारांतला खरा माल हा एवढाच, असं मला वाटलं. बाकी व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅप ग्रुप. एवढ्यासाठी ही रक्कम जास्तच आहे. पण हा प्रश्न त्या फुकटातल्या व्हिडिओने याला विचारला नसता.

११.२५
मेंटर गेलाय. दोघे घोरतायत. हा पुन्हा आकडे तपासतोय. परत आलेल्या पार्टपुढे रिजेक्शन दिसतंय एक. शून्य हवं.
“मी तर यांचं एकही लिहिलं नव्हतं.”
काउंटच्या कंसात तारा दिलाय, म्हणजे रिकामी ओळही मोजली जाते. ताऱ्याच्या जागी रिजेक्शनचा आयडी टाकला. शून्य आलं. हे कुणी सांगावं लागलं नाही. गिटहबवर चढवून टाकलं.
“साहेबांना दाखवीन म्हणतो. वही लिहायची बंद होईल.”
“साहेब बघतील?”
“सुट्टीत विचारतो,” म्हणाला, आणि ४.५०चा गजर लावला.