एक प्रकरण, एक फाइल

लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचाच्या माहितीपुस्तिका जगभर विखुरलेले स्वयंसेवक मिळून लिहितात, आणि तेही त्याच संचातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये. प्रत्येक प्रकरणाची फाइल स्वतंत्र असते. ‘जीएस७२०१’ या नावावरूनच कळतं, की ही ‘गेटिंग स्टार्टेड’ पुस्तिका, आवृत्ती ७.२, प्रकरण पहिलं. ‘फायनल’, ‘फायनल-नवी’, ‘फायनल-खरोखरची’ अशा फाइलींनी संगणक भरून टाकणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनी एवढं उचललं तरी पुष्कळ झालं.

कोण कुठलं प्रकरण करतंय हे आधी सगळ्यांना कळवायचं, म्हणजे दोघं एकाच फाइलीवर बसत नाहीत. मग बदलांची नोंद सुरू करायची (कंट्रोल-शिफ्ट-सी). खोडलेलं वाक्य गायब होत नाही, त्यावर आडवी रेघ दिसते. नवा मजकूर अधोरेखित होतो. प्रत्येकाचा रंग वेगळा. तपासणारा एकेक बदल स्वीकारतो किंवा फेटाळतो, आणि शंका समासात टिपतो.

खरी कटकट चित्रांची. मेन्यूतला एक शब्द बदलला, की त्या पडद्याची सगळी छायाचित्रं शिळी होतात, आणि चित्राच्या आत नेमकं काय बदललं ते बदलांची नोंद सांगत नाही. तिथे डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूसच लागतो.

तयार प्रकरणं मास्टर डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या मुख्य फाइलीत, जोडली, की पुस्तक झालं. हक्कांच्या पानावर या आवृत्तीचे हातभार लावणारे आणि आधीच्या आवृत्त्यांचे, अशी नावं वेगवेगळी छापतात.